त्यायले सांगजो, मी गेली

माझ्या गाण्यात ‘गेले’मधलं ‘ले’ हे अक्षर एकदाच गायलेलं आहे. ऐकताना ते प्रत्येक धृपदाच्या शेवटी येतं, पण सगळीकडे ते एकच आहे. पुण्याच्या स्टुडिओतल्या इंजिनियरनं त्यातल्या त्यात बरा ‘ले’ निवडला, संगणकावर कापला आणि बाकीच्या जागी नेऊन चिकटवला. माझ्या तोंडून तो पुन्हा येईचना, मग तो तरी काय करणार?

हे नीट सांगायचं तर सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल, आणि मी तर यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या बाहेर फारशी न गेलेली बाई. आर्णीत आमचं मेडिकल स्टोअर आहे. काउंटरमागे खुर्ची आहे, पण मी तिच्यावर बसत नाही. उभी असते, नाहीतर दुकान ते रस्ता, रस्ता ते दुकान अशा फेऱ्या घालत असते. आई म्हणते, “तुह्या पायाले भिंगरी हाये.” खरंच आहे ते. गिऱ्हाईक नसलं की मी गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या बोटांनी वाजवते. त्याचा आवाज फार छान येतो, कोणी ऐकून बघितलाय का माहीत नाही.

डी.फार्म. मी यवतमाळला केलं. तिथं हॉस्टेलच्या खोलीत मैत्रिणीच्या फोनवर मी त्या विलायती गायिकेला पहिल्यांदा बघितलं. कपाळावर कात्रीनं सरळ रेषेत कापलेले केस, समोर टेबलावर दोन कीबोर्ड, आणि आजूबाजूला कोणी नाही. पायानं ती एक बटण दाबायची, तिचाच आवाज मागे फिरून फिरून वाजत राहायचा, आणि त्याच्यावर ती पुढचं गायची. आमच्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला गळ्यात टॉवेल घालून कोपऱ्यात बसतो आणि गायिका पुढे असते. इथं दोन्ही कामं एकटीच करत होती. मी मैत्रिणीला विचारलं, “हिचे बाकीचे लोक आले नाही का?” ती इतकी हसली की वॉर्डन वर आल्या.

पण त्या दिवसापासून मी तिच्या मागेच लागले. इतर मुली मालिकेच्या मागे असतात तशी. ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावातली होती. बाप बस चालवायचा. मासे आणि बटाटे तळून विकणाऱ्या दुकानाच्या वर तिची भाड्याची खोली होती आणि पहिली गाणी तिनं तिथंच केली. नीट ऐकलं तर एका गाण्यात मागे फ्रिजची घरघर येते. मला ती घरघर फार आवडायची. आमच्या हॉस्टेलचा फ्रिजही तशाच सुरात घरघरायचा, आणि मला वाटायचं की मग आपल्यालाही जमू शकेल.

मी तिला पाहिलं तोवर लंडनच्या एका मोठ्या कंपनीनं तिला उचललेलंही होतं. चमचमते कपडे आले, मागे नाचणाऱ्या मुली आल्या. दुसऱ्या रेकॉर्डमधलं एक गाणं इतकं गाजलं की नागपूरच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर ते मला ऐकू आलं. मी वर पोचले आणि तिथंच उभी राहिले, अभिमानानं. मागची माणसं धक्के मारून, काय बाई आहे, म्हणत पुढे गेली. मला वाटत होतं, हिला मी तळलेल्या माशांच्या दुकानापासून ओळखते!

तरी त्या गाण्यात काहीतरी खटकायचं. काय ते कळत नव्हतं. मी जुनं आणि नवं एकामागे एक लावून ऐकत बसायचे आणि चिडायचे. मग एकदा गोळ्या मोजता मोजता सापडलं. आपण ज्याला ‘लव’ म्हणतो त्याला ती जुन्या गाण्यांत ‘लुव’ म्हणायची. तिच्या गावाकडे तसंच म्हणतात. गाजलेल्या गाण्यात मात्र ती स्वच्छ ‘लव’ म्हणाली होती, लंडनच्या लोकांसारखं. एवढंच. आपल्याला काय, दोन्ही इंग्रजीच. पण एकदा कानाला कळल्यावर ते पुसता येईना.

तिसरी रेकॉर्ड अगदीच पडली. सगळं कसं जपून गायलेलं, पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या मुलीसारखं. कंपनीनं तिला सोडून दिलं. मग बराच काळ ती कुठंच दिसेना. लहान मुलांना पियानो शिकवते, असं कुठंतरी वाचलं. मी वैतागायचे, जशी काही ती माझी मावसबहीण आहे आणि घरचं फोन उचलत नाही. आणि मग एक दिवस तिनं घरीच केलेली रेकॉर्ड काढली. पहिल्याच गाण्यात ‘लुव’. मी दुकानात एकटीच ओरडले. समोर बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेले आजोबा दचकले.

आता ती लहान लहान हॉलमध्ये गाते. ते गाजलेलं गाणं गात नाही. एका मुलाखतीत तिला कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली की दुकानात कुठं ते लागलं तर ती इकडेतिकडे बघते, ही कोण गाते आहे म्हणून.

आता माझं. माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे आणि बारीक पट्ट्यांचा एक कीबोर्ड, जो मूळ लहान मुलांसाठीच आहे. बाकी आवाज गावाचेच. दुकानाचं शटर, जिनिंगमधलं कापूस ओढणारं यंत्र, नेरच्या बस स्टँडवरची फाटक्या आवाजातली सूचना. हे सगळं फोनवर धरून आणायचं, लॅपटॉपमध्ये कापायचं, ठेक्यात बसवायचं. आई लांबून बघते आणि विचारते, “हे गानं हाये का मशीन बिघडली?”

गाण्याची ओळ मात्र मी रचलेली नाही. ती तोंडातून निघून गेली होती. मला बघायला पाहुणे आले होते. आई स्वयंपाकघरात पोह्यांवर कोथिंबीर टाकत म्हणाली, “चाल, बाहीर ये आता.” मला काय झालं कोण जाणे. मुलगा वाईट नव्हता, बघितलाच नव्हता तर वाईट कुठून? पण पाय ठरेनात. मी चपला शोधत म्हणाले, “त्यायले सांगजो, मी गेली.” आणि मागच्या दारानं निघाले, स्टँडवर आले, समोर यवतमाळची बस होती तिच्यात चढले. यवतमाळला उतरून तर्रीवाला समोसा खाल्ला आणि दिवेलागणीच्या आत परत आले. कुठं पळून जायचं नव्हतं मला. नुसतं जायचं होतं. बसच्या खिळखिळ्या खिडकीनं जो ठेका धरला होता, त्याच्यावर मी तीच ओळ पुटपुटत राहिले होते.

आईनं पाहुण्यांना खरंच तेवढंच सांगितलं होतं, “ते गेली म्हने.” आमच्याकडे ‘ती’ला ‘ते’च म्हणतात. पाहुणे पोहे खाऊन गेले. आई माझ्याशी बोलेना, आणि नंतर तिला एकदम हसू फुटलं.

ते गाणं मी घरूनच इंटरनेटवर टाकलं. महागावच्या, नेरच्या, दारव्ह्याच्या मुलींनी ते फोनच्या स्टेटसला लावलं. कॉलेजला जाताना, नोकरीसाठी निघताना, सासरहून माहेरी येताना, बसमध्ये बसलेला फोटो आणि खाली माझा आवाज. मला रस्त्यात कोणी ओळखत नव्हतं, पण गाणं मला रस्त्यात भेटायला लागलं.

आणि पुण्याहून एका संगीत कंपनीच्या मॅडमचा फोन आला.

मॅडमबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही. त्या खरंच चांगल्या आहेत. त्यांनी माझी टाकलेली सगळी गाणी ऐकली होती. म्हणाल्या, हे एक गाणं नीट करून काढू, आणि मग तुझी सहा गाण्यांची अख्खी मालिका काढू. सहा गाणी! मला काउंटर सोडायचं होतं. किती सोडायचं होतं ते सांगू शकत नाही, खोकल्याच्या औषधाच्या वासानंच जीव वर यायचा. मी लगेच हो म्हणाले. अट साधी होती. नवं गाणं आलं की जुनं काढून टाकायचं, म्हणजे लोकांचा गोंधळ नको. आणि एक अक्षर बदलायचं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ‘त्यायले सांगजो’ म्हणजे ‘त्यांना सांग’. पुण्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी गेले, मी आले’ म्हणतात. आमच्याकडे ‘मी गेली, मी आली’. शाळेत आम्ही निबंधात ‘मी मामाच्या गावी गेली’ लिहिलं की बाई त्याला लाल गोल करायच्या, आणि त्याच बाई मधल्या सुट्टीत म्हणायच्या, “मी तं डबाच विसरली वं!” तेव्हापासून लिहायचं ‘गेले’ आणि बोलायचं ‘गेली’, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. हे लिहितानाही मी ‘गेले’च लिहिते आहे, बघा.

मॅडम म्हणाल्या, “त्यायले राहू दे. सांगजो तर राहूच दे, किती गोड वाटतं! फक्त ‘गेली’चं ‘गेले’ कर. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, हिला मराठी येत नाही.” म्हणजे आमचे शब्द गोड, आणि आमचं व्याकरण चूक. मी त्या वेळी मान डोलावली. एका अक्षराचा तो काय प्रश्न, असं मला मनापासून वाटलं.

स्टुडिओत काचेच्या खोलीत मी उभी राहिले आणि गायले, “त्यायले सांगजो, मी गेली.” इंजिनियरनं हात वर केला. पुन्हा, “मी गेली.” पुन्हा हात. मी मनात घोकायचे, ले, ले, ले, आणि सूर लागला की जीभ आपली आपल्या गावाला जायची. मॅडम काचेपलीकडून हसून धीर देत होत्या. एकदा कसाबसा ‘ले’ आला, आणि मग तो चिकटवला, हे मी सांगितलंच आहे. जोडून झालेलं गाणं त्यांनी मोठ्या स्पीकरवर लावलं. “त्यायले सांगजो, मी गेले.” झकास वाजत होतं. पण असं बोलणारी बाई पृथ्वीवर कुठंही नाही. सांगेपर्यंत ती आर्णीची, आणि जाताना पुण्याची.

परतीच्या प्रवासात मी ते हेडफोनवर ऐकत राहिले आणि मनात त्या विलायती बाईशी भांडत राहिले. तू का हो म्हणालीस? पण मग दुसरा विचार यायचा, आणि तो खोटा नव्हता. ती ‘लव’ म्हणाली नसती तर ते गाणं गाजलं नसतं, आणि ते गाजलं नसतं तर तिचं ‘लुव’ यवतमाळच्या हॉस्टेलपर्यंत आलं असतं का? मैत्रिणीनं मला तो जुना व्हिडिओ दाखवला तोच मुळी नवं गाणं कानावर आलं म्हणून. म्हणजे तिच्या हो म्हणण्यामुळेच मला ती मिळाली. मग मीही हो म्हणाले, त्यात काय चुकलं? मी सीट बदलत राहिले, शेजारची बाई म्हणाली, “बरं वाटत नाही का?”

घरी सकाळी मी आईला नवं गाणं ऐकवलं. आई तुरीची डाळ निवडत होती. धृपद आलं आणि तिचा हात थांबला.

“कोन गेले वं?”

मला कळलं नाही. म्हणाले, “कोन नाही. गानं हाये ना. मी गेले.”

“तू कायले गेले होशीन? गेले त तुहे बाबा.”

माझे वडील तहसीलमध्ये बाबू होते. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. आमच्या घरात कोणी येतं, कोणी जातं, आई गेली, मावशी गेली, दूधवाला गेला. ‘गेले’ एकट्या वडिलांनाच म्हणतात. तेवढा मान आमच्या घरात दुसऱ्या कोणाला नाही. आईनं गाण्यात तोच शब्द ऐकला, तोही माझ्या आवाजात. तिला वाटलं मी वडिलांचं गाणं केलं आहे, मग वाटलं मी काहीतरी अभद्र बोलते आहे. “बंद कर बरं ते,” ती म्हणाली. मी बंद केलं. मला तिचा राग आला, मॅडमचा आला, सगळ्यात जास्त त्या ‘ले’चा आला. पण मॅडमना मी काहीच कळवलं नाही. सहा गाणी दिसत होती ना डोळ्यांपुढे.

नंतर व्हिडिओचं ठरलं. यवतमाळच्या एका मुलींच्या कॉलेजात गॅदरिंग होतं. तिथं मी नवं गाणं गायचं, मुली नाचतील, कंपनीचा कॅमेरावाला ते टिपेल. भर दुपारचा मांडव, वर रंगीत कापड, आत कढईत असल्यासारखा उकाडा. मी लॅपटॉप लावला. माझा मागचा आवाज त्यातून वाजणार होता, वर मी गाणार होते. ‘गेले’ मी इतके दिवस घोकून घोकून जिभेवर बसवलं होतं.

धृपद आलं. मी गायले, “त्यायले सांगजो, मी गेले.”

आणि समोरून सगळा मांडव गायला, “मी गेली!”

त्यांना जुनं गाणं पाठ होतं. कोणी मला चिडवत नव्हतं, कोणाला फरक कळलासुद्धा नव्हता. त्यांनी जे येतं ते म्हटलं. दुसऱ्यांदा मी जोरात ‘गेले’ म्हणाले, त्या त्याहून जोरात ‘गेली’ म्हणाल्या. स्पीकरमधून माझा चिकटवलेला ‘ले’ आणि समोरून शेकडो ‘ली’, दोन्ही एकमेकांवर आपटत होते. कानाला ते सहन होईना. कॅमेरावाला मला हातानं खुणावत होता, चालू दे, चालू दे. मी लॅपटॉपचं बटण दाबून वाजणं थांबवलं.

मुली थांबल्या नाहीत. टाळ्यांवर त्यांनी पुढे चालू ठेवलं. वाजणं बंद झालंय म्हणून त्यांना आणखीच चेव आला. पुढच्या रांगेतली एक जाडसर वेणीची मुलगी डोळे मिटून, मान हलवत म्हणत होती, मी गेली, मी गेली, जशी काही खरंच निघाली आहे. मी माइक हातात धरून उभी होते आणि गात नव्हते. माझं गाणं त्यांच्या तोंडात सुखरूप होतं, माझ्याच तोंडात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. मी दुकानात होते. चित्रण सुंदर आलंय, म्हणाल्या, मुलींचे चेहरे काय बोलके आहेत! “फक्त त्या चुकीचं गाताहेत गं. ओठ जुळत नाहीत. आपण पुन्हा एकदा घेऊ. तू आधी जाऊन त्यांना शब्द शिकवून ये. तू तिथलीच आहेस, तुझं ऐकतील त्या.”

त्या रागावलेल्या नव्हत्या. आवाजात माया होती. ऐकतील, हेही खरं होतं. मी जाऊन सांगितलं असतं, पोरींनो, ‘गेली’ नाही, ‘गेले’ म्हणा, तर वेणीवाल्या मुलीनं मान डोलावली असती, मी डोलावली होती तशीच. आणि मग डोळे उघडे ठेवून, जपून म्हटलं असतं.

“ऐकतेस ना?” मॅडम म्हणाल्या. “सहा गाणी आहेत आपली. एवढ्यासाठी अडवू नकोस.”

काउंटरवर एक बाई खोकल्याचं औषध मागत उभी होती. मी बाटली तिच्या हातात दिली, किती घ्यायचं ते सांगितलं, आणि फोन पुन्हा कानाला लावला.

“मॅडम, मी नाही शिकवत त्यांना. जुनं गाणंही काढत नाही. मला नाही जमत. मी थकली आता.”

“थकले,” मॅडम म्हणाल्या. मुद्दाम नाही, सवयीनं.

“थकली,” मी म्हणाली, आणि सहाही गाणी तिकडेच सोडून काउंटरमागे उभी राहिली.